व्हिसा मिळाला, पुढच्या शहरातल्या कागदाचे काय?

मुंबईतील रशियन महावाणिज्यदूतांना खुले पत्र

मा. महावाणिज्यदूत,
रशियन महासंघ,
मुंबई



आपल्या देशाचा व्हिसा मिळणे आता सोपे झाले आहे, आणि मुख्यतः त्यामुळेच हे पत्र लिहावे लागते आहे. पूर्वी रशियाला जायचे म्हणजे तिथल्या पर्यटन कंपनीचे निमंत्रण, हॉटेलांचे व्हाउचर, मग अर्ज, मग पासपोर्ट जमा करणे, अशा खेपा होत. त्या खेपांत कुठे ना कुठे एखादा जाणता एजंट भेटायचा आणि पैसे मोजून घेता घेता चार कामाच्या गोष्टी सांगायचा. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना ई-व्हिसा मिळू लागला. निमंत्रण नको, हॉटेलचे बुकिंग दाखवायला नको, फोटो आणि पासपोर्टचे पान चढवायचे, पैसे भरायचे आणि चार-पाच दिवस थांबायचे. सुरुवातीला त्यावर १६ दिवस राहता येत असे. २०२५च्या ऑगस्टपासून ते ३० दिवस झाले. एजंट या व्यवहारातून बाजूला झाला, आणि त्या चार गोष्टी सांगणारेही कुणी उरले नाही.

त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नोंदणीची. आपल्याकडे तिला नुसते ‘रेगिस्त्रात्सिया’ म्हणतात. पुण्यात रशियन शिकलेल्या माझ्यासारख्यांकडे ओळखीपाळखीचे लोक प्रवासाआधी कागद घेऊन येतात, तेव्हा त्यांना व्हिसाबद्दल सगळे ठाऊक असते आणि हा शब्द बहुतेकांनी ऐकलेलाही नसतो. त्यांचा दोष नाही. अर्जात तुम्ही त्यांना कोणकोणत्या शहरांत जाणार हे विचारता; ते बापडे मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, मुर्मान्स्क असे इमानाने लिहितात. त्या यादीचे पुढे काय होते, प्रत्येक शहरात नव्याने काही करावे लागते का, हे मात्र त्यांना कुणीच उलटून सांगत नाही.

कारणही उघड आहे. व्हिसा देते आपले परराष्ट्र मंत्रालय. नोंदणी बघते गृह मंत्रालय. २०१६पर्यंत त्यासाठी वेगळी संघीय स्थलांतर सेवा होती, ती मोडून तिचे काम पोलिसांच्या मंत्रालयात घातले गेले. म्हणजे दारात उभा असतो एक आणि घरातली वहिवाट ठरवतो दुसरा. दोन्ही खात्यांचे नियम आपापल्या जागी नीट लिहिलेले आहेत. पण पहिल्या खात्याचा कागद हातात असलेल्या माणसाला दुसऱ्या खात्याची खबर द्यायची कुणी, हे ठरलेले दिसत नाही. ती जबाबदारी आपल्या कार्यालयाने घ्यावी, एवढेच मागणे आहे. कायदा बदलणे आपल्या हातात नाही हे मी जाणतो.

नियम तसा अवघड नाही. १८ जुलै २००६चा १०९ क्रमांकाचा संघीय कायदा, जो जानेवारी २००७पासून लागू आहे, तो सांगतो की परदेशी माणूस जिथे मुक्कामाला उतरतो तिथल्या यजमानाने त्याची खबर सरकारला द्यायची. हॉटेल, हॉस्टेल, सॅनेटोरियम असेल तर कामकाजाच्या एका दिवसात. खासगी घर किंवा भाड्याचा फ्लॅट असेल तर पोचल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत. २०११पूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती. यजमान एक छापील अर्ज भरतो, पासपोर्ट, व्हिसा आणि सीमेवर मिळालेल्या मायग्रेशन कार्डाच्या प्रती जोडतो, आणि त्या अर्जाचा खालचा फाडून दिलेला तुकडा पाहुण्याला मिळतो. तो तुकडा म्हणजे नोंदणी. शहर बदलले, उतरण्याची जागा बदलली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आता पुण्या-नाशकाकडची एक नेहमीची सहल घ्या. मॉस्कोत तीन रात्री, मुर्मान्स्कला तीन, सेंट पीटर्सबर्गला चार. तिन्ही ठिकाणी हॉटेल. इथे पर्यटकाला स्वतः काही करायचे नसते. प्रत्येक हॉटेल त्याला आल्यावर नोंदवते, गेल्यावर काढून टाकते. त्याने करायचे ते एकच, निघताना काउंटरवर नोंदणीची प्रत मागून घेणे. अलीकडे हॉटेले ही माहिती संगणकावरूनच पाठवतात, त्यामुळे न मागता कागद हातात पडेलच असे नाही. ग्रुप टूरमधल्यांचा हा तुकडा टूर मॅनेजरच्या फायलीत असतो. इथवर ठीक.

गोंधळ सुरू होतो तो हॉटेल सोडल्यावर. आणि हॉटेल सोडणारे वाढत चालले आहेत. मार्च २०२२पासून आमची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे आपल्याकडे चालत नाहीत. हॉटेल बुकिंगची आणि घरे भाड्याने देणारी जी मोठी आंतरराष्ट्रीय संकेतस्थळे आमच्या लोकांच्या बोटांवर होती, त्यांनीही तेव्हाच रशियातले काम थांबवले. मग माणसे काय करतात? ओळखीच्या विद्यार्थ्याला सांगतात, तो रशियन संकेतस्थळावरून फ्लॅट बघतो, रूबल रोख दिले जातात. मुर्मान्स्कच्या बाहेर, तेरिबेर्काच्या रस्त्यावर, कुणाच्या तरी लाकडी खोपटात ध्रुवप्रकाशाची वाट बघत दोन रात्री काढल्या जातात. पावती नाही, काउंटर नाही. अशा मुक्कामाची खबर कुणी दिली?

सात दिवसांची मुदत वाचून अनेक जण निश्चिंत होतात, आणि छोट्या मुक्कामापुरते ते बरोबरही आहे. फ्लॅटमध्ये तीन-चार रात्री काढून पुढच्या शहरी गेले तर सात दिवस भरतच नाहीत. नव्या शहरात नवा हिशेब सुरू होतो. मात्र तुम्ही खरेच तीनच रात्री तिथे होतात, हे दाखवणार कशाने? इथे रेल्वेची तिकिटे उपयोगी पडतात. आपल्या गाड्यांच्या तिकिटांवर नाव आणि पासपोर्टचा क्रमांक असतो. मॉस्को ते व्लादिवस्तोक हा ९२८८ किलोमीटरचा रस्ता येकातेरिनबुर्ग, नोवोसिबिर्स्क, इर्कुत्स्क असे थांबे घेत करणारी मराठी माणसे थोडी असली तरी आहेत. त्यांच्या रात्रींतल्या निम्म्या गाडीत जातात आणि गाडीच्या बर्थला पत्ता नसतो. त्यांनी प्रत्येक तिकिटाचा कागदी छाप जपून ठेवावा, हे जुने जाणते सांगत आले. मोबाइलमध्ये तिकीट ठेवणाऱ्या पिढीला ते कुणी सांगितलेले नाही, आणि उणे वीस अंशांत मोबाइल किती वेळ चालू राहतो ते आपल्याला ठाऊक आहेच.

दुसरा घोळ ‘कामकाजाच्या’ या अटीचा. आमचे लोक मुर्मान्स्कला जातात ते नेमके डिसेंबरअखेर, नाताळची सुटी धरून. आपल्याकडे १ ते ८ जानेवारी सरसकट सुटी असते. त्या काळातले दिवस मुदतीत धरले जात नाहीत, म्हणजे वर्षअखेरीस फ्लॅटवर उतरलेला माणूस जवळजवळ सगळी सहल उरकून परत येतो तरी सात दिवस भरलेले नसतात. मे महिन्यात पुन्हा असेच, १ मे आणि ९ मेच्या आजूबाजूला. हिशेब पर्यटकाच्या फायद्याचा आहे, तक्रार कसली, असे आपण म्हणाल. तक्रार अशी की हे माहीत नसलेला माणूस २ जानेवारीला घरमालकाच्या मागे लागतो, सरकारी कचेरीचे बंद दार बघून घाबरतो, आणि मग ‘मी नोंदणी करून देतो’ असे सांगत मेट्रो स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या कुणाला तरी पैसे देऊन खोट्या पत्त्याचा कागद घेतो. जिथे आपण राहत नाही तिथली नोंदणी घेणे हा वेगळाच आणि जास्त गंभीर प्रकार आहे. २०१८च्या जुलैपासून कायद्याने स्पष्टच केले आहे की नोंदणी प्रत्यक्ष राहत्या पत्त्यावर हवी; कंपनीच्या किंवा निमंत्रण देणाऱ्याच्या पत्त्यावर चालत नाही. म्हणजे जो काहीच न करता निर्दोष राहिला असता, तो भीतीपोटी गुन्ह्यात पाय घालतो.

महोदय, मला सर्वांत जास्त ज्यांची काळजी वाटते ती मंडळी पर्यटक म्हणून मोजलीच जात नाहीत. ती म्हणजे विद्यार्थ्यांचे आईवडील. कझान, कुर्स्क, ओरेनबुर्ग, वोल्गोग्राद, त्वेर इथल्या वैद्यकीय विद्यापीठांत महाराष्ट्रातली मुले-मुली शिकतात. धुळे, लातूर, बीड, नगर अशा गावांतून गेलेली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आईवडील एकदा बघायला जातात. बहुतेकांचा तो आयुष्यातला पहिला परदेश प्रवास. आधी मॉस्कोत दोन-तीन रात्री हॉटेल, मग त्वेरला लेकीच्या होस्टेलजवळ महिनाभराच्या व्हिसातले दोन आठवडे एक खोलीचा फ्लॅट, कारण आईला स्वयंपाक करून घालायचा असतो, आणि शेवटी लेकीला घेऊन सेंट पीटर्सबर्ग. तीन शहरे, तीन पत्ते. मॉस्को आणि पीटर्सबर्ग हॉटेलवाले बघून घेतात. त्वेरचे दोन आठवडे म्हणजे कामकाजाचे साधारण दहा दिवस. सातची रेघ ओलांडली. तिथे घरमालकानेच अर्ज भरायला हवा.

आणि घरमालक भरत नाही.

का भरत नाही हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर सगळा दोष त्याच्या आळसावर जाईल. एक, त्याने भाड्याचे उत्पन्न दाखवलेले नसते, आणि पाहुण्याची नोंद केली की करखात्याला सुगावा लागेल असे त्याला वाटते. दुसरे कारण जास्त खोल आहे. १९३२च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत सरकारने अंतर्गत पासपोर्ट आणि त्याबरोबर ‘प्रपीस्का’ आणली. कुठल्या शहरात, कुठल्या घरात राहायचे याचा तो परवाना. तो ज्याच्या नावावर त्याला त्या घरातून हलवणे कठीण. १९९३मध्ये प्रपीस्का कायद्याने गेली, तिच्या जागी नुसती नोंद आली, पण ज्या म्हाताऱ्या बाईकडे वारशाने आलेला एक खोलीचा फ्लॅट आहे तिच्या मनातून ती गेलेली नाही. परक्याचे नाव माझ्या घरावर चढले तर तो उद्या हक्क सांगेल, ही तिची भीती. पाहुण्याच्या तात्पुरत्या नोंदीने घरावर कसलाही हक्क येत नाही, हे कायद्याने कितीही स्वच्छ असले तरी. आम्हाला हे परके वाटत नाही. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने इथल्या घरमालकांच्या दोन पिढ्यांना अशीच धडकी भरवली होती. जागा रिकामी ठेवीन पण भाडेकरू नको, असे म्हणणारी माणसे पुण्याच्या पेठांत मी पाहिली आहेत.

तर एकीकडे घाबरलेली घरमालकीण आणि दुसरीकडे घाबरलेले आईवडील. मधे दुभाषी म्हणून उभी त्यांची एकवीस वर्षांची लेक, जिची स्वतःची वेगळीच पंचाईत आहे. तिची नोंद विद्यापीठाच्या होस्टेलवर असते. आईवडिलांबरोबर ती पीटर्सबर्गच्या हॉटेलात चार रात्री राहिली की हॉटेल तिची नोंद तिथे करते आणि होस्टेलवरची आपोआप संपते. परत आल्यावर हॉटेलचा कागद घेऊन तिला विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागात जावे लागते, तेव्हा होस्टेलची नोंद पुन्हा होते. उन्हाळ्यात भारतात येऊन परत गेली तरी तेच. मुले हे एकमेकांकडून शिकतात, सीनियर ज्युनियरला सांगतो. पहिल्या वर्षी ज्यांना सांगणारा सीनियर भेटत नाही ती सहल करून येतात आणि मग डीनच्या कचेरीबाहेर रडत उभी राहतात.

कायद्यात कर्तव्य यजमानाचे आहे. पण रस्त्यात, मेट्रोच्या तोंडाशी पोलीस कागद मागतो तो पाहुण्याकडे. परदेशी माणसाने नोंदणीचे नियम मोडले तर २ हजार रूबलपासून ७ हजारांपर्यंत दंड आहे, मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गला जास्त, आणि वर देशाबाहेर काढण्याची तरतूद. यजमान खासगी माणूस असेल तर त्याला २ ते ४ हजार. यजमान कंपनी असेल तर मात्र ४ ते ५ लाख रूबल. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. हॉटेले इतक्या तत्परतेने नोंदणी का करतात आणि फ्लॅटवाली बाई टाळाटाळ का करते, याचे उत्तर त्यातच आहे. तिला चार हजारांचा धोका, तोही क्वचितच येणारा. पाहुण्यासाठी मात्र परतीचे तिकीट, पुढचा व्हिसा आणि लेकीच्या शिक्षणावर पडणारी सावली, सगळेच पणाला लागते.

कुणी म्हणेल, भारत तरी काय वेगळे करतो? खरे आहे, आणि ते लपवायचे कारण नाही. रशियन पाहुणा मुंबईत उतरला, मग अजिंठ्यासाठी छत्रपती संभाजीनगरला गेला, तिथून हंपी करून गोव्याला पोचला, तर प्रत्येक ठिकाणच्या हॉटेलने चोवीस तासांत त्याचा सी-फॉर्म भरायचा असतो. १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या आमच्या नव्या परदेशी नागरिकविषयक कायद्यातही यजमानांवरचे हे बंधन कायम आहे. मोरजी, आश्वे, हरमल इथे आपले नागरिक हिवाळाभर खोल्या घेऊन राहतात. तिथल्या कुठल्याही खोलीवाल्याला विचारा, सी-फॉर्म म्हणजे काय ते तो झोपेतही सांगेल, कारण भरला नाही तर पोलीस त्याच्याकडे येतात. फरक आहे तो इथेच. आमच्याकडे चुकीचे ओझे खोलीवाल्यावर पडते. सी-फॉर्म भरल्याची पावती खिशात घेऊन रशियन पर्यटकाला म्हापशाच्या बाजारात फिरावे लागत नाही. आपल्याकडे तो तुकडा पाहुण्याने बाळगायचा असतो. बाळगायचा तर तो आहे हे त्याला आधी कळायला नको?

देशात आलेल्या परक्याची नोंद ठेवावी, याला माझा विरोध नाही. चीनमध्ये चोवीस तासांत पोलिसांना कळवावे लागते, उझबेकिस्तानातही मुक्कामाची नोंद लागते. आणि आपल्याच देशाने हे सारे किती सैल केले आहे, तेही मी विसरत नाही. सोव्हिएत काळात परदेशी माणसाच्या व्हिसावर शहरांची नावे असत आणि त्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. व्लादिवस्तोक तर १९९२पर्यंत परदेश्यांना बंद होते. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले त्या काळात प्रवासाचा मार्ग यजमानच ठरवून देत. त्यांचा पुतळा २०२२मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात बसला, तो बघायला जाणारा मराठी वाचक आज सकाळी मॉस्कोत आणि संध्याकाळी कझानमध्ये असू शकतो, कुणाला न विचारता. अर्जात कझान लिहिले नव्हते म्हणून त्याला अडवत नाहीत. २००२च्या कायद्याने नोरिल्स्क किंवा मुर्मान्स्कजवळचे सेवेरोमोर्स्क अशी काही बंद शहरे आणि सीमेलगतचे पट्टे सोडले तर देशभर फिरायची मुभा आहे. अगदी २०१९मध्येसुद्धा सेंट पीटर्सबर्गचा ई-व्हिसा घेतलेल्या भारतीयाला मॉस्कोला जाता येत नव्हते. व्हिसा त्या प्रदेशापुरता होता. तिथून आपण सगळ्या देशासाठी एकच ई-व्हिसा इथवर आलात. व्हिसाने शहरे जोडली, नोंदणी मात्र अजून शहरागणिक तुटक राहिली.

अनेक शहरे फिरणाऱ्या माणसाचा विचार आपल्या सरकारने एकदा अगदी बारकाईने केला होता, तो २०१८च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी. अकरा शहरांत सामने होते. प्रेक्षकांना फॅन आयडी दिले, त्यावर व्हिसाशिवाय प्रवेश, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात सामन्याला जायला फुकट रेल्वेगाड्या. त्याच वेळी अध्यक्षांच्या आदेशाने त्या शहरांत नोंदणीची मुदत सात दिवसांवरून एका दिवसावर आणली होती. कडक नियम, पण लोकांपर्यंत पोचवला गेला. जगभरच्या वकिलातींनी आपापल्या प्रेक्षकांना तो समजावून सांगितला. माझा मुद्दा त्या आदेशाच्या बाजूने किंवा विरुद्ध नाही. ठरवले तर प्रवाशाच्या हातात नियम पोचवता येतो, एवढेच त्यातून दिसले.

म्हणून मागणे अगदी थोडके आहे. ई-व्हिसा मंजूर झाल्याची जी फाइल अर्जदाराला येते, तिला एक पान जोडावे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा घेऊन जाणाऱ्यांना तेच पान छापून द्यावे. त्या पानावर कायद्याची कलमे नकोत. चार उदाहरणे हवीत: तीन शहरे, तिन्हीकडे हॉटेल; दोन शहरांत हॉटेल आणि एकात फ्लॅट; नातेवाइकाकडे किंवा होस्टेलजवळ मोठा मुक्काम; रेल्वेने लांबचा प्रवास. प्रत्येकात कुणी, कधी, कुठे जायचे आणि पाहुण्याने कोणता कागद जपायचा. घरमालकाला दाखवता येईल असा रशियन भाषेतला एक परिच्छेदही त्यावर असावा, की ही नोंद तात्पुरती आहे, पाहुणा गेला की संपते, घरावर तिने कसलाही हक्क येत नाही, आणि पोस्टात किंवा सरकारी सेवा केंद्रात, नाहीतर घरबसल्या सरकारी संकेतस्थळावरूनही ती करता येते. दहा विनवण्यांनी जे होत नाही ते आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याच्या एका परिच्छेदाने होईल, अशी माझी समजूत आहे. घरमालकिणीला आमच्यापेक्षा आपल्या सरकारी शिक्क्याचा भरवसा जास्त.

याखेरीज दोन गोष्टी मॉस्कोला कळवाव्यात. पाहुण्याला स्वतःची नोंद झाली की नाही हे पासपोर्ट क्रमांक टाकून पाहता यावे. विमानतळांवर बोटांचे ठसे आणि चेहरा टिपणारी यंत्रे डिसेंबर २०२४पासून मॉस्कोत बसलीच आहेत. ज्या सरकारला माणूस आला हे ठशावरून कळते, त्याला त्या माणसाला ‘तुझी नोंद झाली’ एवढे सांगणे जड जाऊ नये. दुसरे, यजमान टाळाटाळ करत असेल तर पाहुण्याला स्वतः खबर देता यावी. आज ती सोय अपवाद म्हणून आहे, यजमानाची अडचण कागदोपत्री दाखवली तरच. ती थोडी रुंद करावी. कागदाविना राहिलेल्यांसाठी ‘नियंत्रित व्यक्तीं’ची यादी फेब्रुवारी २०२५पासून ठेवली जाते आहे, तिच्यात नाव गेलेल्यांचे बँकेपासून सगळे व्यवहार अडतात. अशा काळात प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहण्याचा मार्ग मोकळा असायला हवा.

त्वेरचे नाव वर आले, म्हणून एक आठवण देतो. आपल्याला ती ठाऊक असणारच. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला, रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. तो पुढे जुन्नरला गेला, तर तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, घोडा आणि वर हजार मोहरा देतो, असे सांगत चार दिवसांची मुदत घातली. एका खोरासानी माणसाने मध्यस्थी केली म्हणून तो सुटला, घोडाही परत मिळाला. परक्या मुलखातल्या नियमांतून सोडवणारा मध्यस्थ भेटणे हा तेव्हा नशिबाचा भाग होता. आमच्या लातूरच्या आईवडिलांना त्वेरमध्ये तो एखाद्या सीनियर विद्यार्थ्याच्या रूपाने भेटतो, कधी भेटत नाही.

ते पान मराठीत करायचे झाले तर आम्ही करून देऊ, मोबदल्याशिवाय. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबई विद्यापीठात रशियन शिकलेली पुष्कळ माणसे आहेत, आणि त्यातली काही निवृत्तीनंतर याच कामासाठी मोकळी आहेत. आपल्याकडून मजकूर तपासून, अधिकृत शिक्क्यानिशी आला पाहिजे, एवढी एकच अट. डिसेंबरच्या सहलींची बुकिंगे दसऱ्याच्या आसपास होतात, तेव्हा त्याआधी उत्तर आले तर या हिवाळ्यातच ते लोकांच्या हातात देता येईल.



आपला,
पुण्यातला एक जुना रशियन भाषेचा विद्यार्थी